चालत आली, स्ट्रेचरवरून गेली

आमच्या रुग्णालयात सकाळचा राउंड संपला की स्त्री-वॉर्डातून माझ्याकडे चिठ्ठी येते. तिच्यावर बेड नंबर असतो आणि पुढे फक्त 'सोशल वर्कर' एवढेच लिहिलेले असते. नवीन माणसाला याचा अर्थ कळणार नाही. मला तो पाठ झाला आहे. या बेडवरच्या बाईचा आजार संपला आहे पण बाई जात नाही, तिला घालवण्याची व्यवस्था करा, असा तो अर्थ. बहुतेक वेळा त्या बेडवर सत्तरीच्या पुढची बाई असते.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक चिठ्ठी आली. आजी न्यूमोनिया होऊन दाखल झाल्या होत्या. रिक्षातून उतरून, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डापर्यंत त्या चालत आल्या होत्या. मुलगी हे मला पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू मी ते नाकारणार होते. अकरा दिवसांत ताप गेला, छाती मोकळी झाली, सलाईन निघाले, एक्स-रे चांगला आला. डॉक्टरांच्या कागदावर आजी बऱ्या झाल्या. पण त्यांना उभे राहता येईना. बेडच्या कडेला बसवले तर मान एका बाजूला कलंडायची. "चालत आली हो माझी आई," मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही म्हणता बरी झाली."

त्या दिवशी मी काय केले ते सांगते. मी मुलीला समजावले. वय आहे, अशक्तपणा राहतोच, घरी गेल्यावर खाण्यापिण्याने सुधारतील, असे म्हणाले. रजिस्टरमध्ये 'नातेवाईकांचे समुपदेशन केले' अशी नोंद केली. आजी स्ट्रेचरवरून गेल्या. मुलगी चार घरची धुणीभांडी करत होती. तिने आधी दोन घरे सोडली, मग चारही. अडीच महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती एका दाखल्याबद्दल विचारायला. आजींना पाठीला जखम झाली, ती चिघळली आणि त्या गेल्या होत्या. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. मला तेच जास्त लागले.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला वैद्यकीय समाजकार्याचा इतिहास शिकवतात. आपल्या देशात १९४६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्तीची नेमणूक झाली, असे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवतो. रुग्ण म्हणजे केवळ अवयव नव्हे, त्याला घर आहे, रोजगार आहे, नाती आहेत, हे सांगण्यासाठी हे पद निर्माण झाले. प्रत्यक्षात माझ्यासारखीचा अर्धा वेळ बेड रिकामे करण्यात जातो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. खाली कॉरिडॉरमध्ये गादीवर झोपलेली बाळंतीण मलाही दिसते. पण अकरा दिवसांत त्या आजींचे नेमके काय झाले, हे मी त्यानंतर समजून घ्यायला लागले आणि जे कळले ते आपल्या संघटनांपुढे मांडावे असे वाटले.

डॉक्टर ज्याला 'फ्रेल्टी' म्हणतात त्याला मराठीत एकच एक शब्द नाही. आपण 'थकली' म्हणतो, 'गळाठली' म्हणतो, 'पिकलं पान' म्हणून मोकळे होतो. म्हातारपण आणि ही अवस्था या दोन गोष्टी एक नाहीत, हे मलाही नीट माहीत नव्हते. २००१ साली लिंडा फ्रीड या अमेरिकन डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पाच खुणा सांगितल्या. प्रयत्न न करता वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर ते माणूस फ्रेल समजावे. या यादीत वयाचा आकडा नाही, हे लक्षात घ्या. पंच्याऐंशीच्या कितीतरी आजी या कसोटीत बसणार नाहीत, आणि साठीच्या कितीतरी बाया बसतील. दुसरे असे की, ही अवस्था काही प्रमाणात मागे फिरवता येते. तिच्यावर करण्यासारखे पुष्कळ असते. ते वेळेवर केले नाही तर मात्र ताप, पडणे, जुलाब असे एखादे साधे दुखणेसुद्धा त्या माणसाला अंथरुणाला खिळवते.

आणि रुग्णालय नेमके अंथरूणच देते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्क स्त्रीपुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना कोणताही आजार नव्हता, फक्त विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. आमच्या आजींना वर न्यूमोनिया होता, ताप होता आणि जेवण जात नव्हते. "विश्रांती घ्या आजी, उठू नका, पडाल," असे आम्ही सगळेच त्यांना प्रेमाने सांगत होतो. त्यांच्या बेडजवळून जाताना मीही सांगितले होते.

वॉर्डात दिवस कसा जातो ते एकदा नुसते बसून पाहा. म्हातारी दाखल झाली की पहिल्यांदा तिच्या वस्तू जातात. चष्मा हरवेल म्हणून मुलगी घरी नेते, कवळी डबीत घालून लॉकरमध्ये जाते, चपला कॉटखाली जातात आणि दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना नाहीशा होतात. आता तिला नीट दिसत नाही, चावता येत नाही, आणि उतरायचे तर अनवाणी ओल्या फरशीवर. कॉट इतकी उंच की बसले तर पाय लोंबकळतात. लघवीला वारंवार न्यावे लागू नये म्हणून नळी घातलेली असते. ती कोणत्या दिवशी काढायची हे कागदावर लिहिलेले नसते, म्हणून ती राहते. नळी आहे म्हणून उठायचे कारण नाही, उठत नाही म्हणून भूक नाही. जेवणाचे ताट लॉकरवर ठेवून मावशी पुढे जातात, त्यांना अजून पुष्कळ ताटे वाटायची असतात. अर्ध्या तासाने तेच ताट तसेच उचलले जाते आणि शेऱ्यात येते, 'पेशंट जेवत नाही.'

तिसऱ्या-चौथ्या रात्री आजी बरळू लागतात. गेलेल्या नवऱ्याला हाका मारतात, सलाईन उपसतात, कॉटवरून उतरू पाहतात. वॉर्डात कोणीतरी म्हणतेच, साठी बुद्धी नाठी. खरे तर हा अचानक आलेला गोंधळ म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. शरीरात पाणी कमी झाले, लघवीत जंतुसंसर्ग झाला, औषध मानवले नाही, शौचाला झाली नाही, रात्रभर ट्यूबलाइट डोळ्यांवर, ओळखीचे माणूस जवळ नाही, चष्मा नाही, अशी त्याची कारणे असतात. ती शोधून दूर केली तर पुष्कळदा तो ओसरतो. पण रात्रपाळीच्या सिस्टर एकट्या असतात. मग बँडेजच्या पट्टीने हात कॉटच्या दांड्याला बांधले जातात.

सिस्टरांना दोषी धरण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याही बायकाच आहेत. रात्रपाळी करून सकाळी घरी जाऊन डबे करणाऱ्या. एका सिस्टरांनी मला सरळ विचारले, "मॅडम, बांधू नको तर मग पडू देऊ का? पडल्यावर चौकशी माझीच होईल." त्यांचे खरे आहे. आजी अंथरुणात पडून झिजल्या तर कोणाची चौकशी होत नाही. त्या उठून चालताना पडल्या तर होते. अशा व्यवस्थेत कोणीही शहाणी बाई आजींना झोपवूनच ठेवील. पण म्हातारीचे हात बांधलेले आपण पाहतो आणि त्याला हिंसा म्हणत नाही, हेही मला नोंदवले पाहिजे. तरुण बाईला घरात कोणी असे बांधले असते तर आपण मोर्चा नेला असता.

आता एका बाईंची गोष्ट सांगते. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या जुन्या अनाथ-अपंगांच्या दवाखान्याचा कारभार आला आणि त्यातल्या सातशेहून अधिक रुग्णांची जबाबदारी मार्जरी वॉरेन या डॉक्टर बाईंवर पडली. पुष्कळजण वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते, काहींना काय झाले आहे याचे निदानही कोणी केलेले नव्हते. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला तपासले, आजाराप्रमाणे वेगळे केले, वॉर्डात उजेड आणला, खुर्च्या आणल्या, आणि माणसांना खाटेवरून उठवायला सुरुवात केली. कितीतरी लोक चालू लागले, कितीतरी घरी गेले. १९४३ साली त्यांनी यावर लेख लिहिला. वृद्धांना सामान्य रुग्णालयातच जागा आणि उपचार मिळाले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वृद्धवैद्यकाचा पाया त्यांच्या कामावर उभा आहे. त्यांच्याकडे तेव्हा कुठले मोठे यंत्र नव्हते. "हिचे आता काय व्हायचे" हा प्रश्न त्यांनी सुस्कारा टाकून न विचारता उत्तर मिळवण्यासाठी विचारला, एवढेच.

आपल्याकडे तो अजून सुस्काऱ्यासारखाच विचारला जातो आणि बाईच्या बाबतीत तर जास्तच. खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजी आमच्याकडे आल्या होत्या. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, आयुष्यभर ऊसतोडीला गेलेल्या. अंगणात पाय घसरला एवढेच निमित्त. मुलगा चांगला होता, आईवर माया होती. तरी त्याने पहिला प्रश्न विचारला, "या वयात ऑपरेशन करून उपयोग आहे का?" वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला त्याने सावकाराचे कर्ज काढले होते, हे त्यानेच पुढे सांगितले. आईच्या बाबतीत सहा दिवस विचार करण्यात गेले. असे ऑपरेशन होता होईल तो दोन दिवसांच्या आत व्हावे आणि दुसऱ्या दिवशी बाईला आधार देऊन उभे करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. सहा दिवस आजी पाठीवर पडून होत्या. मी त्यांना विचारले, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाई, बाई. पोरगा काय म्हनंल ते."

बोलता बोलता कळले की तिशीच्या आतच त्यांची 'पिशवी काढली' होती. कोयता थांबला की पैसे कापले जातात, पाळीची कटकट नको, असे सांगून काढलेली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली. ब्याऐंशी हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आपण त्यावर बोललो, लिहिले, ते योग्यच झाले. पण तेव्हा आपली नजर त्यांच्या तिशी-चाळिशीवर होती. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर हाडे राखणारे संप्रेरक बाईच्या शरीरातून वीस-वीस वर्षे आधीच नाहीसे होते. त्या तरुण बाया आता म्हाताऱ्या होऊ लागल्या आहेत आणि अंगणात घसरून खुबे मोडून येत आहेत. या आजींजवळ जुन्या ऑपरेशनचा कागद नाही, त्यामुळे त्यांच्या हाडाचे कारण तेच, असे मी लिहून देऊ शकत नाही. पण बाईचे म्हातारपण साठाव्या वर्षी सुरू होत नाही, एवढे मला त्यांच्या कॉटशेजारी बसून कळले. सगळ्यांनंतर जेवणे, तळाचे पातळ वरण, लागोपाठची बाळंतपणे, डोक्यावरचे हंडे यांचा हिशेब शरीर मांडून ठेवते. सत्तराव्या वर्षी हाताची पकड सैल लागते, ती या हिशेबाची बेरीज असते.

पुरुष-वॉर्डात गेले की मला एक फरक दिसतो. तिथल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या शेजारी स्टुलावर एक बाई बसलेली असते. बायको. ती त्यांना भरवते, पाय चेपते, कुशीवर वळवते, दुपारी धरून खिडकीपर्यंत नेते. तिला कोणी फिजिओथेरपिस्ट म्हणत नाही, पण काम तेच. स्त्री-वॉर्डातल्या म्हाताऱ्या बहुधा विधवा असतात. नवरा असलाच तर तो संध्याकाळी येऊन स्टुलावर बसतो, "बरं आहे का" विचारतो, आणि पोळ्यांचे कसे काय चालले आहे ते सांगतो. (सगळेच असे नसतात. बायकोची वेणी घालणारे एक काका मी पाहिले आहेत. वॉर्डातल्या सगळ्या बाया त्यांच्याकडे टकामका पाहायच्या.) म्हणजे पुरुषाचे पुनर्वसन बायको करते आणि बायकोचे पुनर्वसन मुलगी किंवा सून करते, ती रोजगार सोडून करते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जातो असे दिसले, पुरुषांचा ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३४ मिनिटे, पुरुषांची ७६. डिस्चार्ज कार्डावर आम्ही 'घरी काळजी घ्यावी' असे लिहितो तेव्हा ही मिनिटे आम्ही कोणाच्या खात्यावर टाकतो ते उघड आहे.

म्हणून कुटुंबाने वृद्धांना सांभाळावे, ही आपली संस्कृती आहे, असे भाषण ऐकले की मी सावध होते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांवर पोटगीची जबाबदारी टाकली, ते गरजेचे होते. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांनाही त्यात आणायचे सुचवले होते. ते मंजूर झाले नाही. याच कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. २०२० च्या डिसेंबरमध्ये एस. वनिता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला दिलेला राहत्या घराचा हक्क अशा तऱ्हेने मोडीत काढता येणार नाही. सासू आणि सून यांना एकमेकींसमोर उभे करून सरकारने बाजूला व्हायचे, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. त्याच २००७ च्या कायद्यात एक विसावे कलम आहे, त्याची आठवण कोणी काढत नाही. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धरुग्णांसाठी राखीव सोय आणि या कामाचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी. मुलांची जबाबदारी सांगणारी कलमे सगळ्यांना पाठ आहेत, सरकारची जबाबदारी सांगणारे हे कलम किती वकिलांनी वाचले असेल?

२०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा विभाग, फिजिओथेरपीची सोय, अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरी जाऊन सेवा, असे सगळे त्यात लिहिले आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी गेले तेव्हा त्या दहा खाटांवर डेंग्यूचे तरुण रुग्ण झोपले होते, आणि फिजिओथेरपीच्या खोलीला कुलूप होते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. खुब्याचे ऑपरेशन त्यात बसेल. त्यानंतर महिनोन् महिने लागणारा व्यायाम, घरी येणारी प्रशिक्षित बाई, हे त्यात नाही. म्हणजे हाड जोडायला पैसे आहेत, त्या हाडावर उभे राहायला नाहीत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरिबांना काठी, वॉकर, चष्मा असल्या साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. लाडकी बहीण पासष्टीला संपते. त्यानंतर ती लाडकी आजी होत नाही.

वॉकरवरून आठवले. आम्ही एका आजींना मोठ्या समाधानाने वॉकर मिळवून दिला. महिन्याने घरभेटीला गेले तर त्यावर कपडे वाळत होते. त्यांची गल्ली इतकी अरुंद की वॉकर आडवा जात नाही, दाराला वीतभर उंबरा, आणि शौचालय सार्वजनिक, दोन पायऱ्या चढून, उकिडवे बसायचे. वॉर्डाच्या गुळगुळीत फरशीवर वीस पावले चालल्या म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना चालायचे होते ते या गल्लीतून. आजींना मी विचारले, काय जमलं तर बरं वाटेल? त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "रात्रीचं संडासला सुनेला उठवायला नको." पुनर्वसन म्हणजे काय याची मी पुस्तकात वाचलेली एकही व्याख्या इतकी नेमकी नाही. मग दाराशी भिंतीत लोखंडी दांडा बसवला, कमोडची खुर्ची मिळवली, वॉकर परत करून चार पायांची काठी घेतली. सून म्हणाली, तीन महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर झोपले.

हे मी आमच्या गटाच्या बैठकीत मांडले तेव्हा दोन आक्षेप आले. ते दोन्ही प्रामाणिक होते. एक मैत्रीण म्हणाली, हा वैद्यकीय प्रश्न आहे, आपण याला हात घालायचे कारण काय? दुसरी म्हणाली, आपल्याकडे हुंडा, मारहाण, बलात्काराच्या केसेस पुरत नाहीत, त्यात हे कुठे? पहिलीला मी एवढेच म्हटले की, बाळंतपणही एकेकाळी फक्त वैद्यकीयच मानले जात होते. दुसरीचे उत्तर मला सोपे नाही. आमच्याकडे तीन पूर्णवेळ कार्यकर्त्या आहेत आणि फोन वाजतच असतो. पण आपल्या पत्रकांतली बाई किती वर्षांची असते ते पाहा. ती मुलगी असते, वधू असते, आई असते, आणि मग पन्नाशीच्या सुमाराला ती एकदम 'सासू' होऊन पलीकडच्या बाजूला जाते. आपण तिला तिथे सोडून देतो. २०११ च्या जनगणनेत साठीवरच्या स्त्रिया ५.३ कोटी होत्या आणि पुरुष ५.१ कोटी. तेव्हाचे आकडे हे, आता किती तरी वाढले असतील. आपण स्वतःही त्या रांगेत सरकत आहोत. गटात आम्ही सगळ्या तिशीच्या होतो तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीने संस्थेच्या जिन्यावरून बैठकीला येणे थांबवले होते. तीन मजले चढवत नाहीत, असे तिने कोणाला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. बैठक खाली घ्यावी हे कोणाला सुचले नाही.

माझे मागणे फार मोठे नाही, पण ते सरकारी रुग्णालयाकडे आहे, मुलीसुनांकडे नाही. साठीवरची बाई दाखल होते त्या दिवशी तिला एक प्रश्न विचारून कागदावर लिहावे. पंधरा दिवसांपूर्वी ती काय काय स्वतः करत होती? चालत होती का, चूल पेटवत होती का, संडासला एकटी जात होती का? डिस्चार्जच्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि दोन उत्तरांत फरक पडला असेल तर तिला बरी झाली असे लिहू नये. लघवीच्या नळीच्या कागदावर ती काढण्याची तारीख घालावी. ऑपरेशनला संमती तिची स्वतःची घ्यावी. प्रत्येक वॉर्डात या कामासाठी पगारी, शिकवलेल्या बाया नेमाव्यात. आज पदरचे पैसे घेऊन खासगी केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीतून येणाऱ्या मुलींना ना प्रशिक्षण मिळते ना किमान वेतन. त्यांच्या संघटनेचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. त्यांना आणि आजींना वेगळे काढून कोणाचेच भले होणार नाही. खाटा कमी पडतील हा मुद्दा येईल, तो खराच आहे. पण न चालणारी आजी घरी पाठवली की ती महिन्याभरात जखम किंवा जंतुसंसर्ग घेऊन परत येते आणि तीच खाट पुन्हा अडवते, हे माझ्या रजिस्टरातच दिसते.

आणि या मागण्यांची वाट न पाहता गटांना करता येण्यासारखे काहीतरी आहे. आम्ही गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून तीन दुपारी चार-पाच जणी वॉर्डात जातो. सिस्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी आधी बोललो, कोणाला उठवायचे नाही ते विचारून घेतले. चष्मे, कवळ्या आणि मागच्या पट्ट्याच्या चपला घरून मागवून घेतो. जेवणाच्या वेळी आजींना खुर्चीत बसवतो, कारण बसून माणूस जास्त जेवते. बसल्या जागेवरून हातांचा टेकू न घेता उठायचे आणि पुन्हा बसायचे, दहा वेळा जमले तर दहा, दोनदा जमले तर दोन. घरून येताना उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, मुगाचे घट्ट वरण आणा असे नातेवाईकांना सांगतो. नुसते शहाळे आणि बिस्किटे आणू नका. सुरुवातीला वॉर्डात आम्हाला हसत. आता एक मावशी स्वतःहून खुर्च्या मांडून ठेवतात.

सगळ्या आजी चालू लागतात असे नाही. काहींच्या बाबतीत उशीर झालेला असतो, काहींना खरेच आता पडून राहायचे असते, आणि तोही त्यांचा हक्क आहे. कोणाला व्यायामाचा जाच करायचा नाही, हे आम्हाला दोन-तीन चुका करून कळले.

परवा पुन्हा चिठ्ठी आली. बेड नंबर तेरा, 'सोशल वर्कर'. मी गेले. आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, हातात नळी, उशाशी न खाल्लेले केळे. मी स्टूल ओढून बसले आणि विचारले, "आजी, दवाखान्यात यायच्या आधी सकाळी उठून पहिलं काय करायचात?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दार उघडायचे. पोरं शाळेत जातात ना, ती बघायला." मी चिठ्ठीच्या मागे तेवढेच लिहून घेतले आणि सिस्टरांना विचारायला गेले की यांची नळी कधी काढणार.